राखणदाराचेच वावडे

बाजारातून आणलेली क्रीमची डबी वर्षभर कपाटात राहते आणि तिला बुरशी येत नाही. घरी वाटलेली ओल्या नारळाची चटणी मात्र दुसऱ्या दिवशी दुपारीच आंबते. पाणी दोन्हींत आहे, स्निग्धांश दोन्हींत आहे, आणि जंतूंना दोन्ही सारख्याच आवडाव्यात. मग एक टिकते आणि दुसरी नासते, असे का? कारण क्रीममध्ये जंतूंना वाढू न देणारे एखादे रसायन अगदी अल्प प्रमाणात मिसळलेले असते. त्याला प्रिझर्व्हेटिव्ह म्हणतात. मराठीत परिरक्षक हा शब्द आहे. शेताला जसा राखणदार, तसा मालाला परिरक्षक.

हा राखणदार शंभरातल्या बहुतेकांना काही करत नाही. थोड्यांना मात्र तो चावतो. हातांवरचा, पापण्यांवरचा, मानेवरचा महिनोन्महिने न हटणारा इसब कित्येकदा या रसायनांच्या ॲलर्जीमुळे असतो. रुग्ण मात्र त्याला खरूज, नायटा, उष्णता, रक्तदोष अशी नावे देत एकामागून एक मलमे चोळत राहतो. ज्या मलमाने बरे व्हायचे त्याच मलमात ते रसायन असले, तर हे चक्र वर्षानुवर्षे थांबत नाही. पैसा जातो, झोप जाते, आणि 'हिला काहीतरी चिकटणारा रोग आहे' म्हणून घरात ताट-वाटीसुद्धा वेगळी होते. म्हणून या विषयाची ओळख सर्वसामान्य वाचकांना असलीच पाहिजे.

राखणदार हवाच कशाला?

आपल्या आजी-पणजींनाही टिकाऊपणाची विद्या अवगत होती. लोणच्यात मीठ घालायचे आणि वर तेलाचा थर ठेवायचा, मुरांब्यात साखरेचा पाक करायचा, पापड-सांडगे कडक उन्हात वाळवायचे. या सगळ्यांमागे एकच तत्त्व आहे. जंतूंना जगायला पाणी लागते. मीठ आणि साखर ते पाणी बांधून ठेवतात, ऊन ते उडवून लावते आणि तेल बाहेरच्या हवेला आत येऊ देत नाही. अन्नविषयक कायद्यातही मीठ, साखर, मध, व्हिनेगर, मसाले यांना पहिल्या वर्गातील परिरक्षक मानले आहे. बेन्झोइक आम्ल, सल्फाइट, सॉर्बिक आम्ल यांसारखी रसायने दुसऱ्या वर्गात येतात आणि त्यांच्या प्रमाणावर बंधन असते.

तोंडाला लावायच्या क्रीममध्ये मूठभर मीठ घालता येत नाही. तिथे रसायनच लागते. ते घातले नाही तर काय होते, हेही ध्यानात घ्यावे. दूषित झालेल्या डोळ्यांच्या थेंबांतून किंवा काजळ-मस्काऱ्यातून जंतू डोळ्यात गेले तर बुबुळावर जखम होऊन दृष्टी जाऊ शकते. अनेक डोसांच्या औषधाच्या बाटलीत पुन्हा पुन्हा सुई जाते, तिथेही जंतूंना अटकाव हवाच. तेव्हा 'रसायन म्हणजे विष' असा सरसकट निष्कर्ष काढणे योग्य नाही. प्रश्न आहे तो ज्याला सोसत नाही त्याचा.

एक साधा नियम लक्षात ठेवला तर पुढचे सारे सोपे जाईल : जिथे पाणी तिथे परिरक्षक. क्रीम, लोशन, शाम्पू, जेल, सिरप, ओले टिश्यू, भिंतीचा पाण्यातला रंग, या सगळ्यांत पाणी आहे, म्हणून परिरक्षक आहे. शुद्ध खोबरेल तेल, पांढरे व्हॅसलीन, तुपासारखे तेलकट ऑइंटमेंट यांत पाणी नाही, म्हणून सहसा परिरक्षकाची गरज नाही. 'हर्बल', 'आयुर्वेदिक', 'नैसर्गिक' अशी अक्षरे डबीवर मोठ्या टाइपात असली तरी आत पाणी असेल तर काही ना काही राखणदार हा असतोच.

ॲलर्जी होते कशी?

साबणाने हात कोरडे पडणे, फिनेलने आग होणे, हा दाह आहे. तो कोणालाही होऊ शकतो आणि लगेच होतो. ॲलर्जी ही निराळी गोष्ट आहे. ती ठरावीक व्यक्तीला, ठरावीक पदार्थाची असते. आपल्याकडे 'वावडे' हा त्यासाठी चांगला शब्द आहे.

परिरक्षकांचे रेणू फार लहान असतात. ते कातडीच्या वरच्या थरातून आत शिरतात आणि तिथल्या प्रथिनांना चिकटतात. त्वचेत पहारा देणाऱ्या काही पेशी असतात. पॉल लँगरहान्स या जर्मन विद्यार्थ्याने १८६८ मध्ये त्यांचे वर्णन केले, म्हणून त्यांना लँगरहान्स पेशी म्हणतात. या पेशी त्या परक्या पदार्थाचा नमुना उचलून जवळच्या लसिका ग्रंथीपर्यंत, म्हणजे ज्याला आपण अवधाण आले म्हणतो त्या गाठीपर्यंत, पोचवतात. तिथे पांढऱ्या पेशींची एक तुकडी त्या पदार्थाची ओळख पाठ करून तयार होते. याला साधारण दहा-पंधरा दिवस तरी लागतात, आणि पुष्कळदा कित्येक महिने किंवा वर्षे वापर झाल्यावर हे घडते. या काळात बाहेरून काहीच दिसत नाही.

एकदा ओळख पक्की झाली, की पुढच्या वेळी तोच पदार्थ लागताच ही तुकडी तिथे धावून जाते. खाज सुटते, कातडी लाल होते, बारीक पाण्याचे फोड येतात, लस गळते, खपली धरते. जुने झाले की कातडी जाड, काळसर आणि भेगाळलेली होते. मात्र हे सारे लगेच होत नाही. वस्तू लावल्यानंतर एक ते तीन दिवसांनी होते. इथेच माणूस फसतो. सोमवारी लावलेल्या क्रीमचा परिणाम बुधवारी दिसतो आणि दोष जातो मंगळवारी खाल्लेल्या वांग्याच्या भाजीवर! आपल्याकडे त्वचेला काही झाले की वांगे बंद, आंबट बंद, अंडे बंद. सगळे पथ्य कडकडीत पाळले जाते, फक्त ते क्रीम तेवढे चालू राहते.

शरीराची ही स्मरणशक्ती सहसा आयुष्यभर टिकते. त्यामुळे एकदा झालेले वावडे 'औषधाने काढून टाकणे' शक्य नसते. पदार्थ टाळणे हाच उपाय. पण तो नेमका ओळखून टाळला, तर त्वचा अगदी पूर्ववत होते, हीही तितकीच खरी गोष्ट आहे.

आरोपींची ओळख

पॅराबेन : गेली ऐंशी-नव्वद वर्षे वापरात असलेले हे कुटुंब. मिथाइल पॅराबेन, प्रोपाइल पॅराबेन ही नावे क्रीमवर, खोकल्याच्या औषधावर, काही सॉसच्या बाटल्यांवरही आढळतात. त्यांचे नाव बरेच खराब झाले असले तरी ॲलर्जीच्या बाबतीत ते सर्वांत सौम्य म्हणावे लागतील. अमेरिकेतील संपर्क-त्वचादाहाच्या तज्ज्ञांची संघटना दरवर्षी एका पदार्थाला 'वर्षाचा ॲलर्जीकारक' ठरवते. २०१९ मध्ये तिने पॅराबेनला मुद्दाम 'ॲलर्जीकारक नसलेला' म्हणून निवडले. त्यांची एक गंमत आहे. जखमेवर किंवा इसबावर लावले तर ते काहींना बाधतात, पण त्याच व्यक्तीच्या निरोगी त्वचेवर लावलेले सौंदर्यप्रसाधन सोसते. अलेक्झांडर फिशर या अमेरिकन त्वचारोगतज्ज्ञांनी १९७३ मध्ये या विरोधाभासाकडे लक्ष वेधले होते.

मिथाइलआयसोथायाझोलिनोन : नाव उच्चारायला अवघड, पण आजच्या काळातला मुख्य आरोपी हाच. त्याचा एक भाऊबंद मिथाइलक्लोरोआयसोथायाझोलिनोन. दोघांचे मिश्रण १९८० च्या दशकात प्रसाधनांत आले आणि युरोपात ॲलर्जीची लाटच उसळली. मग भावाला दूर करून एकट्या मिथाइलआयसोथायाझोलिनोनला २००५ मध्ये युरोपात परवानगी मिळाली. मर्यादा होती दहा लाख भागांत १०० भाग, म्हणजे एक किलो क्रीममध्ये एक दशांश ग्रॅम. चिमटीतसुद्धा धरता येणार नाही एवढ्या या रसायनाने दुसरी लाट आणली. २०१३ मध्ये ते 'वर्षाचा ॲलर्जीकारक' ठरले. अखेर २०१७ पासून युरोपीय संघाने अंगावर राहणाऱ्या प्रसाधनांत त्यावर बंदी घातली आणि २०१८ पासून शाम्पूसारख्या धुऊन टाकायच्या वस्तूंत दहा लाखांत १५ भागांची मर्यादा आणली. आपल्याकडेही शाम्पू, भांडी घासायचे द्रव साबण यांच्या बाटलीवर ही नावे सापडतात. लोकांनी पॅराबेनची धास्ती घेतली, कंपन्यांनी 'पॅराबेनमुक्त' माल काढला, आणि सौम्य राखणदाराच्या जागी काही ठिकाणी हा चावरा राखणदार येऊन बसला, असा हा प्रकार आहे.

फॉर्माल्डिहाइड आणि त्याचे दाते : प्रयोगशाळेत बेडूक ठेवायच्या फॉर्मालिनचा वास शाळेत विज्ञान शिकलेल्यांना आठवत असेल. त्यातला वायू म्हणजे फॉर्माल्डिहाइड. प्रसाधनात तो सहसा थेट घालत नाहीत. हळूहळू फॉर्माल्डिहाइड सोडणारी रसायने घालतात. त्यांची नावे : डीएमडीएम हायडँटॉइन, इमिडाझोलिडिनिल युरिया, डायझोलिडिनिल युरिया, क्वाटर्नियम-१५, ब्रोनोपॉल. नाव वाचून फॉर्माल्डिहाइडची शंकाही येत नाही, म्हणून ही यादी कापून ठेवावी. केस सरळ करण्याच्या काही द्रावणांतूनही हा वायू सुटतो. सुरकुत्या न पडणाऱ्या कापडाच्या प्रक्रियेतही तो वापरला जातो.

औषधांतला चोर

प्रसाधनाचा संशय तरी येतो. औषधाचा येत नाही, कारण ते औषध असते!

इसबावरच्या आणि खाजेवरच्या अनेक स्टिरॉइड क्रीममध्ये क्लोरोक्रेसॉल नावाचे परिरक्षक असते. आता गंमत पाहा. स्टिरॉइड ॲलर्जी दाबते आणि क्लोरोक्रेसॉल ती उत्पन्न करते. दोन्ही एकाच ट्यूबमध्ये. त्यामुळे फोड, लस असा जोरदार प्रकार होत नाही. इसब फक्त रेंगाळतो. लावले की थोडे बरे, सोडले की पुन्हा वर. माझ्याकडे येणाऱ्या एका निवृत्त शिक्षकांच्या पायावर फुगलेल्या शिरांमुळे झालेला व्रण होता. व्रण भरत आला, पण भोवतालची कातडी दीड वर्ष लाल आणि ओली. तपासणीत क्लोरोक्रेसॉलची ॲलर्जी निघाली. तेच स्टिरॉइड क्रीमऐवजी ऑइंटमेंटच्या रूपात दिले, तेव्हा कातडी कोरडी झाली. औषध तेच होते, फक्त राखणदार काढला होता. पायाच्या जुन्या व्रणांभोवती अशा ॲलर्जी विशेष होतात, कारण तिथली त्वचा फाटलेली असते आणि तिच्यावर वर्षानुवर्षे दहा प्रकारची मलमे लागलेली असतात. परिरक्षकांखेरीज निओमायसिन, नायट्रोफ्युराझोन यांसारखी जखमेवरची औषधेही अशी ॲलर्जी करतात, हे जाता जाता सांगितले पाहिजे.

डोळ्यांच्या थेंबांत बहुधा बेन्झाल्कोनियम क्लोराइड असते. चार-आठ दिवस वापरायच्या थेंबांनी सहसा काही होत नाही. काचबिंदूचे थेंब मात्र जन्मभर घालायचे असतात. अशा रुग्णाच्या पापण्या लाल, खाजऱ्या होऊ लागल्या तर शंका घ्यावी, पण थेंब मनाने बंद करू नयेत. एका शेतकऱ्याने असेच केले. थेंब बंद केल्यावर पापण्या पंधरा दिवसांत छान झाल्या, म्हणून त्याने ते चार महिने घातलेच नाहीत. काचबिंदू दुखत नाही, त्यामुळे त्याला काही कळले नाही. त्या डोळ्याची कडेची नजर या काळात गेली ती परत आली नाही, कारण काचबिंदूने गेलेली दृष्टी परत येत नसते. डोळ्यांच्या डॉक्टरांना वेळीच सांगितले असते, तर परिरक्षक नसलेले थेंब मिळतात, ते लिहून देता आले असते.

लसींबद्दलही एक गैरसमज दूर करू. काही लसींच्या अनेक डोसांच्या बाटलीत थायोमर्सल हे पारायुक्त परिरक्षक असते. पॅच टेस्टमध्ये ते काही जणांना 'पॉझिटिव्ह' येते. पण त्यातील बहुसंख्य लोकांना लस काहीही त्रास देत नाही. फार तर टोचलेल्या जागी थोडी लाली आणि गाठ येते. तेव्हा या कारणासाठी मुलाची लस चुकवू नये. धनुर्वात आणि घटसर्प यांच्यापुढे दंडावरची लाली अगदीच क्षुल्लक आहे.

खाण्यातले परिरक्षक

इथे थोडा विवेक हवा. कातडीला पॅराबेनची ॲलर्जी असलेल्या माणसाने सॉस किंवा खोकल्याचे औषध घेतले तर त्याला बहुधा काही होत नाही. पोटातून जाणे आणि कातडीतून शिरणे यांत फरक आहे. म्हणून सरसकट कडक पथ्य नको.

खाण्यातील परिरक्षकांचे त्रास जरा वेगळे असतात. सोडियम बेन्झोएट, सॉर्बिक आम्ल हे सॉस, सरबते, जॅम यांत असतात. ते तोंडाच्या कडेला लागले की लहान मुलांची हनुवटी आणि ओठांभोवतीची कातडी काही मिनिटांत लाल होते आणि तासा-दोन तासांत जाते. ही खरी ॲलर्जी नव्हे. तोंड पुसून वर थोडे व्हॅसलीन लावले तरी पुरे.

सल्फाइटचे मात्र गांभीर्य आहे. आमरस, लिंबाचे किंवा कोकमाचे सरबत वर्षभर टिकावे म्हणून घरोघरी 'केएमएस' नावाची पांढरी पावडर घालतात. ती म्हणजे पोटॅशियम मेटाबायसल्फाइट. जर्दाळूचा सुंदर केशरी रंग टिकतो तोही पुष्कळदा गंधकाच्या धुरीमुळे. दम्याच्या काही रुग्णांना सल्फाइटमुळे काही मिनिटांत जोरदार दम लागतो. अमेरिकेत सलाडवर सल्फाइट फवारण्याची प्रथा होती. त्यातून काही मृत्यूही झाले, तेव्हा तिथल्या सरकारने १९८६ मध्ये कच्च्या खायच्या फळभाज्यांवर त्याचा वापर बंद केला. कातडीची संपर्क-ॲलर्जीही सल्फाइटमुळे होते. ते काही मलमांतही असते आणि २०२४ चा 'वर्षाचा ॲलर्जीकारक' तेच ठरले. घरी सरबत करणाऱ्या भगिनींनी केएमएस मोजून घालावे, अंदाजाने चमचा उपडा करू नये, आणि घरात दमेकरी असेल तर त्याच्यासाठी ताजे सरबत करावे.

आकड्यांची भाषाही शिकून ठेवावी. वेष्टनावर परिरक्षक असे लिहून पुढे २११ असेल तर सोडियम बेन्झोएट, २०० ते २०२ असेल तर सॉर्बिक आम्ल किंवा पोटॅशियम सॉर्बेट, २२० ते २२८ या दरम्यान असेल तर सल्फाइट गट समजावा.

संशय केव्हा घ्यावा?

जागेवरून पुष्कळ कळते. पापण्यांची कातडी सर्वांत पातळ, म्हणून डोक्याला लावलेल्या शाम्पूचा त्रास डोक्याला न होता पापण्यांना, कानामागे आणि मानेला होतो. पाणी जसे ओघळते तसा पट्टा उमटतो. ओले टिश्यू वापरणाऱ्या बाळाच्या ढुंगणाला पुरळ येते आणि बाळाला पुसणाऱ्या आईच्या बोटांनाही. भांडी-धुणे करणाऱ्या स्त्रियांच्या बोटांच्या बेचक्यात, अंगठीखाली द्रव साबण साचतो, तिथे सुरुवात होते. दिवाळीपूर्वी घराला पाण्यातला रंग दिला आणि त्या खोलीत झोपणाऱ्या एकाच माणसाचा चेहरा सुजला, तर रंगातल्या परिरक्षकाची वाफ हे कारण असू शकते. असा त्रास रंग दिल्यावर काही आठवडेही राहतो.

ब्युटी पार्लरमध्ये काम करणाऱ्या एका मुलीचे उदाहरण बोलके आहे. दोन्ही हात कोपरापर्यंत फाटलेले. रविवारच्या सुट्टीनंतर थोडे बरे, गुरुवार-शुक्रवारपर्यंत पुन्हा वाईट. वडील नाहीत, घर तिच्या पगारावर, आणि गिऱ्हाईक तिच्या हाताकडे पाहून दुसरीकडे जायला लागले. ती नोकरी सोडायच्या बेतात होती. तपासणीत मिथाइलआयसोथायाझोलिनोनचा दोष निघाला. दुकानातल्या पाच शाम्पूंपैकी तीन बाटल्यांवर ते नाव होते. मालकिणीने ते तीन बदलले, मुलीने केस धुताना हातमोजे घालायला सुरुवात केली. सहा आठवड्यांत हात स्वच्छ झाले. नोकरी टिकली. सुट्टीत बरे आणि कामावर वाईट, ही खूण प्रत्येकाने लक्षात ठेवावी.

पॅच टेस्ट

या ॲलर्जीचे निदान पॅच टेस्टने होते. योझेफ याडासोन या त्वचारोगतज्ज्ञांनी १८९५ मध्ये ती प्रथम मांडली आणि आजही तिला पर्याय नाही. निरनिराळे पदार्थ ठरावीक तीव्रतेत पाठीवर लहान लहान चकत्यांखाली चिकटवतात, दोन दिवसांनी काढतात आणि पुन्हा तिसऱ्या-चौथ्या दिवशी पाहतात. जिथे लाल, खाजरा उंचवटा आला तो पदार्थ दोषी. भारतातील नेहमीच्या संचात पॅराबेन, फॉर्माल्डिहाइड, क्लोरोक्रेसॉल हे असतात. इतर परिरक्षकांसाठी प्रसाधनांचा वेगळा संच लागतो, म्हणून तो आहे का हे आधी विचारावे. वैद्यकीय महाविद्यालयाच्या त्वचारोग विभागात किंवा त्वचारोगतज्ज्ञांकडे ही सोय असते.

सुई टोचावी लागत नाही. दोन दिवस पाठ भिजवायची नाही आणि घाम येईल असे काम करायचे नाही, एवढेच पथ्य. पोटातून स्टिरॉइडच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना सांगावे, कारण त्यांनी उत्तर चुकते. आणखी एक महत्त्वाचे. रक्ताच्या महागड्या 'ॲलर्जी तपासण्या' करून रुग्ण कागद घेऊन येतात. त्या तपासण्या वेगळ्या प्रकारच्या ॲलर्जीसाठी आहेत. संपर्क-ॲलर्जी त्यांत दिसत नाही. तो खर्च वाचवावा.

घरच्या घरी काय करता येईल? अंगावर राहणारे एखादे क्रीम संशयित असेल, तर कोपराच्या आतील बाजूस रुपयाच्या नाण्याएवढ्या जागी ते दिवसातून दोनदा लावावे. एक ते दोन आठवडे वाट पाहावी. पुरळ आले तर ते क्रीम बंद. आले नाही तर बहुधा निर्दोष. शाम्पू, साबण, केसांचा रंग यांची अशी चाचणी घरी करू नये. ते न धुता ठेवले तर कोणाचीही कातडी भाजेल.

काय करावे, काय टाळावे

१. डॉक्टरांकडे जाताना घरातील लावण्याच्या सर्व वस्तू एका पिशवीत घालून न्याव्यात. टूथपेस्ट, तेल, पावडर, उरलेल्या ट्यूब, शेजारणीने दिलेली डबीसुद्धा.

२. कारण सापडेपर्यंत चेहऱ्याला आणि हातांना शुद्ध खोबरेल तेल किंवा बिनवासाचे पांढरे व्हॅसलीन याखेरीज काही लावू नये.

३. केसांना शिकेकाई-रिठा चालत असेल तर त्याचे पाणी रोजच्या रोज उकळून घ्यावे. बाटलीत भरून ठेवले तर त्यालाही राखणदार लागेल!

४. प्रसाधनांवर घटकांची यादी छापणे आपल्याकडे कायद्याने आवश्यक आहे. अक्षरे बारीक आणि इंग्रजी असतात. घरातल्या शाळकरी मुलाला भिंग देऊन वाचायला बसवावे. दोषी रसायनाचे नाव डॉक्टरांकडून इंग्रजीत चिठ्ठीवर लिहून घ्यावे आणि ती चिठ्ठी पाकिटात ठेवावी. औषधाच्या दुकानातही ती दाखवावी.

५. तीच कंपनी, तीच डबी असली तरी घटक बदलतात. प्रत्येक नव्या खरेदीच्या वेळी यादी पुन्हा पाहावी.

६. औषधविक्रेत्याला 'खाजेवरचे काहीतरी द्या' म्हणू नये. स्टिरॉइड, प्रतिजैविक आणि बुरशीनाशक यांचे मिश्रण असलेली ट्यूब हाती पडते. नायट्याचे रूप बदलते, कातडी पातळ होते आणि मूळ ॲलर्जी तशीच राहते.

७. चेहरा, जीभ एकदम सुजली किंवा दम लागला, तर घरगुती उपाय न करता ताबडतोब रुग्णालय गाठावे.

नेहमीच्या शंका

'दहा वर्षे हेच क्रीम लावतेय, मग आताच कशी ॲलर्जी होईल?' हा प्रश्न हटकून येतो. ॲलर्जी ओळखीतूनच होते. जे कधी लावलेच नाही त्याची ओळख कशी पटणार? शिवाय त्या क्रीमचे घटक मध्यंतरी बदललेलेही असू शकतात.

'महागातले घेतले तर?' परिरक्षक किंमत पाहून काम करत नाही. परदेशातून आलेल्या महाग डबीतही तेच रसायन असू शकते.

'हे घरात दुसऱ्याला लागेल का?' मुळीच नाही. ॲलर्जी संसर्गजन्य नाही. त्या व्यक्तीच्या हातचे खायला, तिच्याशेजारी झोपायला, तिच्या हाती मूल द्यायला काहीच हरकत नाही. लग्न ठरलेल्या मुलींच्या आई-वडिलांनी हे नीट समजून घ्यावे आणि समोरच्यांनाही निःसंकोच सांगावे.

'किती दिवसांत बरे वाटेल?' दोषी वस्तू खरोखर सुटली तर खाज आठ-पंधरा दिवसांत उतरते. जाड झालेल्या कातडीला महिना-दोन महिने लागतात. तेवढ्यात एखादी जुनी डबी पुन्हा उघडली, तर मोजणी पहिल्यापासून सुरू होते.

न बरा होणारा इसब असलेल्यांनी या रविवारी एवढेच करावे. कपाट, मोरी आणि उशाशी असलेल्या साऱ्या बाटल्या-डब्या एका जागी मांडाव्यात आणि वर दिलेल्या नावांशी ताडून पाहाव्यात. जे सापडेल ते लिहून ठेवावे आणि आपल्या डॉक्टरांना दाखवावे.

पुढील आठवड्यात : गाजरगवताची ॲलर्जी आणि शेतकऱ्याची त्वचा.